चोवीस पटीच्या रेघा

मंगळवारी सकाळी व्हर्लन हाउगे आर्डिसच्या दारात आला आणि गाडीची काच अर्धी खाली करून म्हणाला, "आर्डिस, आता माझ्या कुरणात बंदूक आणू नकोस."

आर्डिस रोलँड बावीस उन्हाळे त्याच्या कुरणात प्रेअरी डॉग मारत आली होती. नाव कुत्र्याचं, जात खारीची आणि धंदा एकच, जमीन पोखरायची. त्या बिळात पाय जाऊन व्हर्लनचे दोन घोडे लंगडे झाले होते, म्हणून तोच दर वसंतात फोन करून तिला बोलवायचा. साउथ डकोटाच्या त्या भागात कुणाच्या जमिनीवर बंदूक घेऊन जायचं तर मालकाचा शब्द लागतो, आणि तो एका ठिकाणी गेला की गावात कुठेच मिळत नाही. नवरा वारल्यावर लोकांनी तिला गोधड्या शिवायला बोलवलं, चर्चच्या स्वयंपाकाला बोलवलं. ती गेलीही. पण जीव रमला तो फक्त त्या कुरणात, लाकडी बाकाशी बसून चारशे यार्डांवरचं एक तांबूस डोकं हेरण्यात. तेच गेलं तर उरलेले उन्हाळे घालवायचे कुठे?

"का म्हणून?" तिने विचारलं.

"पाण्याच्या टाकीला गोळी लागलीय. रविवारी तिथे तुम्ही दोघंच होतात, तू आणि तुझा जावई. चाळीस गाई कोरड्या टाकीभोवती हंबरत होत्या. शेवटी कुंपण मोडून शेजाऱ्याच्या तळ्यावर गेल्या."

"आणि गोळी माझीच, हे कुणी सांगितलं?"

व्हर्लन स्टिअरिंगवरची धूळ पुसत राहिला. "डॅरिन म्हणाला, तुझी नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही. त्यात वाईट कशाला वाटून घ्यायचं? वयच झालं आता तुझं."

"व्हर्लन, मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे."

"हो, पण मी बंदूक कुठे चालवतो?" असं म्हणून त्याने काच वर केली.

आर्डिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने चोर म्हटलं असतं तर एक वेळ भांडता तरी आलं असतं. हा माणूस तिची कीव करून गेला होता, आणि कीव करणाऱ्याशी भांडायला गेलं की तो आणखीच कीव करतो.

डॅरिन तिच्या मुलीचा नवरा. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचा आणि शहाणपणा फुकट वाटायचा. त्या रविवारी तो बंदुकीवर नवी दुर्बीण बसवून आला होता. आत डोळा लावला की देवदाराचं झाडच उभं. मधल्या फुलीखाली रेघांवर रेघा, दोन्ही बाजूंना ठिपके, शेजारी आकडे. "आई, तुमच्या दुर्बिणीत तर काहीच नाही हो," तो हसून म्हणाला होता. "आता चकती फिरवत बसायचे दिवस गेले. चारशे यार्ड म्हणजे तिसरी रेघ. ती जनावरावर ठेवायची की झालं."

आर्डिसच्या दुर्बिणीत खरंच काही नव्हतं. केसाएवढी बारीक फुली आणि मध्ये एक ठिपका, बस. लांबवर गोळी खाली येते, तेवढी नळी उचलायला ती वरची चकती टकटक मोजून फिरवायची आणि ठिपका सरळ जनावरावर ठेवायची. जाड फुलीमागे तेवढंसं डोकं झाकून जातं, आणि रेघांच्या गर्दीत कुठली रेघ कुठली हे ऐन वेळी विसरायला होतं, म्हणून तिने मुद्दाम असली दुर्बीण निवडली होती. भिकेला लागली होती म्हणून नव्हे!

दुपारी ती बंदूक न घेता कुरणात गेली. टाकीच्या पत्र्यात करंगळीएवढं भोक होतं, व्हर्लनने त्यात बोल्ट ठोकला होता. भोकाशी पाठ टेकून तिने रविवारच्या बाकांकडे पाहिलं. सरळ रेषेत, टाकीच्या दीडशे यार्ड अलीकडे, डॅरिनने नेम धरलेलं, बिळाच्या तोंडावरचं मातीचं वारूळ होतं, भर दुपारी त्याने ज्याच्यावर चार गोळ्या वाया घालवल्या ते. ती स्वतः तेव्हा बंदूक उघडून ठेवून कॉफी पीत होती, कारण उन्हाच्या झळांनी हवा उकळायला लागली की ती कधीच गोळी मारत नसे. आणि डॅरिन कुरकुरत होता, "सगळं नाचतंय." मग त्याने दुर्बिणीचं, चित्र लहान-मोठं करणारं कडं फिरवलं होतं.

कडं! आर्डिसने मोठ्याने एक शिवी दिली. ऐकायला फक्त गाई होत्या.

शनिवारी भर दुपारी तिने दोघांनाही बोलावलं. व्हर्लन यायला तयार नव्हता. "बघ आणि मग खुशाल बंदी घाल," ती म्हणाली, तेव्हा आला. मागे उंच टेकाड असलेलं वारूळ निवडून तिथे तिने फ्रिजचा रिकामा उभा खोका ठेवला होता. खोक्यावर गुडघ्याच्या उंचीला काळी टिकली रंगवली होती. अंतर बरोबर चारशे.

"डॅरिन, रविवारी मारलीस तशीच मार. काही बदलू नकोस."

"आई, कशाला उगाच? तुम्हाला कोणी दोष देत नाहीये."

"देतोय. मार."

तो बसला, डोळा लावला, झळांना नावं ठेवत कडं चोवीस पटीवरून बारावर आणलं आणि तिसरी रेघ टिकलीवर ठेवून गोळी झाडली.

"लागली!" तो म्हणाला.

तिघं चालत खोक्यापाशी गेले. टिकली कोरी होती. भोक तिच्या दोन फूट वर होतं.

"वारा असेल," डॅरिन म्हणाला.

"वारा गोळीला आभाळात नेतो होय रे? परत चल. आता कडं चोवीसवर ठेव, रेघ तीच."

चित्र नाचत होतं, डॅरिन घामाघूम झाला होता, तरी ही गोळी टिकलीच्या काठाला लागली. व्हर्लनने टोपी काढून डोकं खाजवलं.

"तुझ्या दुर्बिणीतल्या रेघा चोवीस पटीलाच खऱ्या," आर्डिस म्हणाली. "पट निम्मी केलीस की समोरचं चित्र निम्मं होतं, रेघा मात्र होत्या तेवढ्याच राहतात. म्हणजे तीच रेघ दुप्पट उंची मोजते. रविवारी तू जनावराच्या दोन फूट वरून मारत होतास. ती गोळी दीडशे यार्ड पुढे जाऊन कुठे उतरली, ते व्हर्लनच्या गाईंना विचार. पहिल्या पानावर लिहिलेलं असतं हे. पुस्तिका वाचायला चष्मा मी दिला असता!"

डॅरिनचे कान लाल झाले. तो खोटं बोलला नव्हता. आपली इतकी महागडी दुर्बीण चुकेल हे त्याच्या मनातच आलं नाही, आणि सासू चुकेल हे लगेच आलं. आर्डिसला राग याचाच होता.

एवढ्यात व्हर्लन खो खो हसायला लागला. त्याने डॅरिनच्या पाठीवर थाप मारली. "काय रे गड्या! नव्या खेळण्याचं कडंच कळलं नाही होय? होतं असं, होतं. बोल्ट ठोकलाय, पाणी थांबलंय, विषय संपला. आर्डिस, तूही ये बाई नेहमीसारखी."

डॅरिनही हसला, सुटल्यासारखा.

"थांब," आर्डिस म्हणाली. "गोळी माझी होती तेव्हा तू हसला नाहीस, व्हर्लन. मला एका शब्दाने विचारलंही नाहीस. बावीस वर्षांत तुझ्या कुंपणाच्या तारेलाही माझी गोळी लागली नाही, तरी माझी चूक तुला ऐकताक्षणी पटली. त्याची चूक डोळ्यांदेखत पाहिलीस, तर तुला गंमत वाटते?"

"अगं, तसं नाही..."

"तसंच आहे. मला जी बंदी घातलीस ती आता त्याला घाल."

"आर्डिस, काहीतरीच काय? एवढ्याशा चुकीसाठी?" व्हर्लन बोलून गेला, आणि मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

त्याची मान खाली जाईपर्यंत आर्डिस त्याच्याकडे बघत उभी राहिली.