हँडलावरचा दोरा

ज्या कुण्या गाढवानं हा फोन काळा रंगवला, तो मला एकदा घावायला पायजे. सागवानी पेटी, पितळी घंट्या, आन् त्याच्यावर डांबरावानी रंग थापलेला! ना घासलं, ना पुसलं. घंट्यासुद्धा सोडल्या न्हाईत. मी रखमाजी मिस्त्री, चाळीस वर्षं लाकडावर हात फिरवून राह्यलो, पण असा घाणेरडा हात कुठं बघितला न्हाई.

जालन्याबाहेरच्या या कापसाच्या जिनिंगमंदी नवा मनेजर आलाय. हैदराबादेहून मोठे साहेब येणार, म्हणून त्याला हा भिंतीवरचा जुना फोन पयल्यासारखा करून पायजे. मला म्हणला, "मिस्त्री, जल्दी करा." मी म्हणलं, "जल्दी पायजे तर ज्यानं रंगवला त्यालाच बोलवा." या जिनिंगमंदी मी परत पाय ठेवणार नव्हतो. पण या पेटीशी माझं नऊ वर्षांचं वैर व्हतं, म्हणून आलो.

नऊ वर्षांमागं मी इथंच कामाला व्हतो. खंडेनवमीचा दिवस. सकाळी यंत्रांची पूजा मी उरकली आन् अंबडला देवीच्या जत्रेला निघून गेलो. माझी बायको जयवंता दुपारी इथं नैवेद्य घेऊन आल्ती. शेडवरचा सुटलेला पत्रा खाली आला आन् तिची मांडी चिरली. सुट्टीमुळं गेटवर एकटा राखणदार सांडू. या फोनची तार थेट गावातल्या मालकाच्या पेढीवर जायची, आन् पेढीच्या समोरच डॉक्टर. पण सांडूनं सांगितलं, फोन बंद पडल्ता. बिचारा दोन कोस पळत गेला. डॉक्टर टांग्यातून येईस्तोवर सगळं रगत वाहून गेल्तं. मी तिकडं नारळ फोडून राह्यल्तो.

डॉक्टर म्हणला, "अर्धा तास आधी निरोप आला असता तर बाई वाचली असती."

तवापासून मी या डबड्याला शिव्या घालतोय, आन् डबडं नीट न ठेवणाऱ्या मालकालाबी. त्या मालकानं काय केलं? दिवाळीच्या आत टेबलावरचा नवा फोन आणला आन् हा भिंतीसगट रंगवून टाकला. झालं, मिटलं!

तर पेटी भिंतीवरनं उतरवून खरवडून राह्यलो. हँडलापाशी आलो तर पटाशी अडकली. रंगाखाली कायतरी गुंडाळलेलं. नखानं उकरलं तर लाल दोरा निघाला. नवमीचा. पूजा झाली की आम्ही हत्यारांना दोरा बांधतो, आन् दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा न्हाई, बिलकुल न्हाई. त्या वर्षी फोनलाबी बांधल्ता. हँडल आन् पेटीची खुंटी, दोन्हीला मिळून वेढे. फोन बंद म्हणून दसऱ्यालाबी कुणी सोडला नसंल. दोरा साबूत!

माझं डोकं सणकलं. हे हँडल फिरवल्याबिगर पलीकडं घंटी जात न्हाई, आन् ते अर्धं जरी फिरलं असतं तरी दोरा तुटला असता. म्हणजे त्या दिवशी कुणी फिरवून बघितलंच न्हाई? मी पटाशीनं दोरा कापला आन् हँडल गरकन फिरवलं. घंटी अशी खणखणली की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

बंद? कशाचा बंद!

पेटी काखेत मारून गेटवर गेलो. सांडू आता म्हातारा झालाय, पण गेट सोडलं न्हाई. तंबाखू मळत बसल्ता. पेटी त्याच्यापुढं आदळली.

"हरामखोरा, नऊ वर्षं माझ्या ताटाला ताट लावून जेवलास! फोन बंद व्हता ना? फिरव आता!"

त्यानं हात लावला न्हाई. कापलेल्या दोऱ्याकडं बघत राह्यला. "त्या दिवशी मी फिरवलाच न्हाई, मिस्त्री."

"का? माझी बायको मरायला लागल्ती, आन् तुला दोऱ्याची पडल्ती?"

"दोरा तुम्ही बांधल्ता."

"मंग?"

"त्याच्या मागल्या नवमीला मी तुमच्या करवतीला हात लावला, तर चार माणसांत तुम्ही माझ्या मुस्काटात मारली. दोन दिवस कान वाजत व्हता."

"एका चापटीला भ्यालास? नामर्दा!" माझा हात वर गेला.

सांडूनं डोळे मिटले. पण मागं सरकला न्हाई.

"मी न्हाई भ्यालो," तो म्हणला. "मी हँडल धरलं व्हतं. वहिनींनी माझा हात धरला. म्हणल्या, सांडूभाऊ, त्यांनी बांधलेलं तोडू नका. आल्यावर तुम्हालाबी मारतील आन् मलाबी. तुम्ही पळत जा, मी दम धरते."

माझा हात तसाच वर राह्यला.

"मंग इतके दिवस बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? तुम्ही उठता-बसता मालकाला शिव्या देत व्हता. म्हणलं, देऊ द्या. तेवढ्यानं माणूस जगंल."

घंटी ऐकून मनेजर मला हुडकत गेटवर आला. "वा, मिस्त्री! चालू केला की फोन!"

"चालूच व्हता!" मी असा ओरडलो की तो दोन पावलं मागं सरला.

राग अजून गेला न्हाई. उलट वाढलाय. नऊ वर्षं मालकावर काढला, पेटीवर काढला, आज सांडूवर काढला. आता कुणाच्या मुस्काटात मारू, सांगा की.