वर एक

लढाई पेटली तेव्हा माझं शिवणाचं दुकान होतं. डझनभर रुमाल मागितले की मी तेरा द्यायचे. नणंद म्हणायची, "वहिनी, तुझा हात फार सैल. एक दिवस नडेल."

मग शाळेत परक्या देशातून शस्त्रक्रिया करणारं पथक आलं. पाच माणसं, आपापल्या नोकरीतून रजा काढून आलेली. चित्रकलेच्या वर्गात त्यांनी टेबल मांडलं. मी जुन्या चादरींच्या, रक्त टिपायच्या घड्या शिवून द्यायचे. दहा घड्यांचं एक गाठोडं. ते वाफेवर निर्जंतुक होऊन निघायचं. पोट शिवण्याआधी नर्स बाहेर काढलेल्या घड्या मोजायची. दहा भरल्या की टाके.

एका दुपारी चार जखमी एकदम आले. त्यांत माझी नणंद. पोटात लोखंडाचा तुकडा शिरलेला, तरी मला म्हणते, "वहिनी, घराला कुलूप लावायचं राहिलं गं."

त्या गडबडीत गाठोडं उघडताना मोजायला कुणाला उसंत नव्हती. तुकडा निघाला. मी पाण्याची बादली घेऊन दाराशी उभी.

"दहा," नर्स म्हणाली. सर्जनबाईंनी सुई उचलली.

तेवढ्यात मला टेबलाखाली पडलेला निळा दोरा दिसला. पांढरा संपला म्हणून एकच गाठोडं मी निळ्या दोऱ्यानं बांधलं होतं.

"थांबा. या गाठोड्यात अकरा होत्या."

"नक्की?"

"एक उरली होती. वाया कशाला घालवायची, म्हणून वर घातली."

बाईंनी सुई ठेवली, हात पुन्हा आत घातला, आणि बऱ्याच वेळानं आतड्यांमागून एक भिजलेली घडी बाहेर काढली.

"अकरा," नर्स म्हणाली.

संध्याकाळी बाई पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसल्या. मी बोलणी खायची तयारी करून होते. चार महिन्यांत शिकलेल्या आमच्या भाषेत त्या म्हणाल्या, "तुम्ही बोललात, म्हणून ती वाचली. उद्या शिवा. पण दहाच."

नणंद पुढे बावीस वर्षं जगली आणि येईल त्याला सांगत राहिली, "हिनं माझ्या पोटातसुद्धा वर एक घातली होती."

पथक निघालं त्या दिवशी मी बाईंना डझनभर रुमाल दिले. त्यांनी तिथेच उभ्या राहून दोनदा मोजले.

"तेरा आहेत, ताई."

"असू द्या," मी म्हटलं. "हे कुणाच्या पोटात जायचे नाहीत."