पान्ह्याच्या दाराशी

मी ग्राही बोलतोय, म्हणजे रिसेप्टर. बोराम नावाच्या कोरियन बाळंतिणीच्या छातीत, दुधाच्या इवल्याशा पिशवीला कवटाळून बसलेल्या एका पेशीच्या पडद्यात मी रुतलोय. थोडा बाहेर, थोडा आत. माझा सगळा जीव एका संप्रेरकात अडकलाय, ऑक्सिटोसिनमध्ये. ते मेंदूतून सुटतं, रक्तातून येतं, पण पेशीत पाऊल टाकत नाही. बाहेरूनच माझ्या खोबणीत बसतं. मग मी आतल्या बाजूने पिळवटतो, पेशी आवळते आणि पान्हा फुटतो.

पण ते येईल तर ना! इन्सुलिन येऊन गेलं, आणखी कोण कोण घासून गेलं. माझ्या खोबणीत एकही बसेना.

दूध तुंबलेलं, आणि बाळाचा टाहो माझ्यापर्यंत येतोय. दूध यावं म्हणून बोरामची आई सकाळपासून तिला समुद्री शेवाळाचं सूप पाजतेय.

"पी गं. तुझ्या वेळी मला नुसत्या धारा लागल्या होत्या!"

"आई, गप्प बस ना! आता दूध नाही आलं तर मी पाजायचा नाद सोडणार. बास झालं."

झालं! ही अशी धास्तावली की वरून ऑक्सिटोसिन सुटतच नाही. अहो, कुणीतरी त्या म्हातारीला आवरा!

तेवढ्यात बोरामचा नवरा ग्युवॉन आला. "सासूबाई, हिला आवडतं म्हणून थंडगार शिख्ये आणलंय."

"अगं बाई! अहो जावईबापू, मोड आलेल्या सातूचं पेय ते! दूध आटवायला देतात. बायकोचं दूध बंद करायला निघालात?"

ग्युवॉन घाबरला. "मग... मीच पितो," म्हणत त्याने बाटली तोंडाला लावली. पेयातली भाताची शितं हनुवटीवर चिकटली.

"प्या, प्या! बघू तुमचं दूध आटतं का!"

बोराम खो खो हसत सुटली. खांदे सैल पडले. हसता हसताच तिने बाळाला छातीशी घेतलं, आणि त्याने तोंडात धरलं.

आलं, ऑक्सिटोसिन आलं! नऊ अमिनो आम्लांच्या मण्यांची ती माळ माझ्या खोबणीत घट्ट बसली. मी पिळवटलो. आत कॅल्शियम उसळलं, पेशी आवळली, शेजारच्याही आवळल्या. बाळाचा पहिला घोट मी ऐकला. काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण काम झालं की पडदा आम्हा ग्राहींना पेशीच्या आत ओढतो. काही जण पुन्हा वर येतात, काहींचे तुकडे होतात. पडदा माझ्याखाली खचायला लागलाय. अरे थांबा, ओढू नका! बाळ घटाघटा पितंय. त्याचं पोट भरेपर्यंत तरी मला ऐकू द्या.