शुभाचं ‘चालेल’

ही २०२३ सालच्या जानेवारीतली गोष्ट. तेव्हा मी कोलोरॅडोत, लेडव्हिलजवळ नातीकडे राहत होते. लेक-जावई जर्सी सिटीत. तिथल्या एकतिसाव्या मजल्यावर माझा जीव रमेना. नात रुचा डोंगरातला बर्फ तपासायचं काम करायची. कुठला उतार घसरेल, कुठून जाऊ नये, हे लोकांना सांगायचं.

त्या आठवड्यात माझा भाचा प्रल्हाद आणि त्याची बायको शुभा टेक्सासमधल्या अर्विंगहून आले. प्रल्हादनं नवे स्की घेतले होते. गर्दी सोडून आतल्या डोंगरात जायचं, हे त्यानं दिवाळीपासून डोक्यात घेतलं होतं.

आदल्या दुपारी रुचानं घरामागच्या उतारावर खड्डा खणला आणि तळाचा बर्फ माझ्या हातात दिला. मी मूठ वळून पाहिली. पाक चुकलेल्या रव्याच्या लाडवासारखा तो बोटांतून सांडला.

“हा नोव्हेंबरचा स्नो, आजी. याच्यावर चार फूट नवा बसलाय. खालचा होल्ड करत नाही.”

“मग जाऊच नका.”

“एक फ्लॅट रूट आहे, तो ओके आहे. फक्त बाजूच्या स्टीप उताराखाली जायचं नाही.”

सकाळी पोहे खाताना तिनं नियम सांगितला. “वोटिंग नाही. एकानं जरी नो म्हटलं तरी सगळे परत. कारण कुणी विचारायचं नाही.”

“यार रुचा, तू तर आमच्या ऑफिसच्या ट्रेनिंगसारखं बोलतेस,” प्रल्हाद म्हणाला. “दोन फ्लाइट बदलून आलोय, नुसते पोहे खायला नाही.”

“म्हणून तिसरी बशी घेतली का?” शुभा म्हणाली. आम्ही हसलो.

“शुभामामी, तुमचं काय?” रुचानं विचारलं.

शुभानं चमच्यानं मिरची कडेला सारली. “माझं काय, तुम्ही म्हणाल तसं. चालेल.”

रुचा इथे जन्मलेली. चालेल म्हणजे हो, एवढंच तिला माहीत. मला ते चालेल चांगलं ओळखीचं होतं. यांची बदली झाली, चालेल. माझी नोकरी सुटली, चालेल. जन्मभर मी तेच म्हणत आले. शुभा घाबरली आहे हे मला स्पष्ट दिसत होतं. मी बोलू शकले असते. पण इतक्या लांबून आलेला भाचा हिरमुसेल, म्हणून मी चहा गाळत राहिले.

दुपारी हॉस्पिटलमधून रुचाचा फोन आला.

झालं ते असं. सपाट वाट संपल्यावर रुचा म्हणाली, आता परत. प्रल्हाद म्हणाला, “पाच मिनिटं, त्या झाडापर्यंत, एक फोटो.” ते झाड उताराच्या पायथ्याशी होतं. रुचानं शुभाकडे पाहिलं. ती पुन्हा म्हणाली, चालेल. “सकाळपासून नाही नाही म्हणून मी दमले होते, आजी,” रुचा मला नंतर म्हणाली. झाडापर्यंत पोचायच्या आतच पायाखाली धप्प आवाज झाला आणि वरचा अख्खा उतार सुटून खाली आला. रुचा आणि प्रल्हाद कडेला फेकले गेले. शुभा दिसेनाशी झाली. अंगावरच्या यंत्राच्या सिग्नलवरून रुचानं तिला शोधलं. अकरा मिनिटं खणत होते दोघं. ओठ निळे पडले होते, पण श्वास चालू होता. खुब्याचं हाड मोडलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात शुभाच्या पलंगापाशी बसले होते. प्रल्हाद औषधं आणायला गेला होता.

“मावशी, तुम्हाला कळलं होतं ना?”

“हो,” मी म्हणाले.

प्रल्हादची नोकरी पुढे ॲरिझोनात, चँडलरला गेली. स्की त्यानं कुणालातरी देऊन टाकले. तो आता फोनवर फक्त तब्येतीचं विचारतो. रुचा तेच काम करते. ती आता सगळ्यांसमोर विचारत नाही. एकेकाला बाजूला घेते, आणि जो गप्प असेल त्याला आधी. माझे गुडघे गेले, मी जर्सी सिटीत लेकीकडे परत आले. खिडकीतून नदी दिसते, तिच्याकडे बघत बसते.

शुभा थोडी लंगडते. मागच्या दिवाळीला मी फोन करून म्हटलं, चार दिवस राहायला ये.

“नाही मावशी, मी येणार नाही,” ती म्हणाली.

मी कारण विचारलं नाही.