दोनशे अकरावं पान

शामलाबाईंचा उत्साह गेला, ही बातमी घरात पहिल्यांदा सुनेनं फोडली आणि मग ती विहारातल्या महिला मंडळापर्यंत आपल्या पायांनी गेली. नऊ वर्षं त्या मांजरपाटावर बोधिवृक्ष भरत होत्या. पलंगाच्या चादरीएवढा. दोनशे अकरा पानं, एकेक पान साखळी टाक्याचं. दोनशे दहा झाली. एक राहिलं, आणि सात महिने ते राहिलंच.

"आई, तळहाताएवढं पान," सून दीप्ती म्हणायची. "एका दुपारचं काम आहे."

"मन नाही लागून राहिलं वं. कंटाळा आला."

कंटाळा हे कारण त्यांनी विचार करून निवडलं होतं. खरं कारण त्या घरात बोलण्यासारखं नव्हतं. सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून तिथं शकुन-अपशकुनाला उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. मांजर आडवी गेली तर तिला दूध मिळे. घर बांधताना मिस्त्रीनं दिशेचं नाव काढलं, तर शामलाबाईंच्या नवऱ्यानं, नागसेनरावांनी, मिस्त्रीलाच दिशा दाखवली.

गोष्ट एवढीच होती. नागसेनराव हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले, त्याच आठवड्यात शामलाबाईंनी पहिलं पान भरलं. "भर, भर," ते म्हणाले होते. "ज्या दिवशी शेवटचं पान होईन, त्या दिवशी मी चाललो. तवरिक हलत नाही." सगळे हसले. शामलाबाईही हसल्या. पुढं आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर हा विनोद मिळू लागला. मग या फेब्रुवारीत डॉक्टरांनी सांगितलं की नागसेनरावांचं हृदय पाव हिस्साच चालतंय, जपा. दोनशे दहावं पान तेव्हा नुकतंच झालं होतं.

शामलाबाई असलं काही मानत नव्हत्या. फक्त भरत नव्हत्या.

लोकांना दाखवायला त्या अधूनमधून रिंग लावून बसत, आणि पान पुरं होत आलं की हिरवा जमला नाही म्हणून सगळं उसवून टाकत. असं पाच वेळा झालं. पाचव्यांदा कापड जरा विरल्यासारखं दिसलं.

इकडे विहाराचा नवा हॉल अशोक विजयादशमीला उघडायचं ठरलं, आणि समोरच्या भिंतीवर शामलाबाईंचा बोधिवृक्ष लागणार, हे मंडळानं परस्पर ठरवलं. खिळेसुद्धा ठोकून झाले.

"काहून अडून बसली वं?" नागसेनरावांनी एक दिवस विचारलं. "माह्या बोलण्याले भेली का काय?"

"मी काहून भेऊ? रंग जमून नाही राहिला."

"मंग ठीक आहे. मले वाटलं, सुईले नवस बोलून राहिली." ते हसले, आणि हसता हसता इतके खोकले की दीप्तीला येऊन पाठ चोळावी लागली.

दसऱ्याला चार दिवस उरले तेव्हा शामलाबाई हिरवा धागा शोधायला इतवारीत गेल्या. दुकानदारानं चौदा हिरव्या लच्छ्या पुढं टाकल्या. त्यांनी चौदाही नापसंत केल्या आणि तीनच्या सुमारास समाधानानं घरी परतल्या.

दीप्ती दारातच उभी होती. "आई, डोळे मिटा."

त्यांनी मिटले. उघडले तेव्हा दिवाणावर बोधिवृक्षाचं कापड पसरलं होतं आणि दोनशे अकरावं पान भरलेलं होतं. टाके जरा लांब, पण मागची गाठ पक्की.

"बाबांनी सुई ओवून दिली," दीप्ती म्हणाली. "म्हणे, तुह्या सासूच्यानं होत नाही, तूच टाक."

"कुठं आहेत ते?"

"झोपले. म्हणे, आज लय दिवसांनी मस्त झोप येऊन राहिली."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. एरवी त्या दारातून इतका नेमानं खोकला येई की घरातलं घड्याळ बंद पडलेलं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता नुसता पंखा ऐकू येत होता.

शामलाबाई आत गेल्या नाहीत. त्यांनी कात्री घेतली, खाली बसल्या आणि गाठ कापली.

"आई, हे काय करून राहिल्या?"

"रंग चुकला."

देठ सुटला. एक कड सुटली. दार तसंच. दीप्ती आणखी काही बोलणार होती. मग तिनंही दाराकडे पाहिलं. दुसरी कड सुटली. शेवटचा टाका निघाला, आणि आतून खोकला आला. पाठोपाठ दुसरा.

"चहा मांडला का वं कोणी?"

दीप्ती हसली आणि पटकन स्वयंपाकघरात गेली. शामलाबाई हसल्या नाहीत. सात महिने त्या काही मानत नव्हत्या. आता तीही सोय राहिली नव्हती. त्यांनी कापड खिडकीकडे धरलं. पानाच्या जागेतून खिडकीचे गज मोजता येत होते. अजून एकदा तिथं भरता येईल. उसवायला गेलं तर भोक पडेल.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. महिला मंडळाच्या जिजाबाई आल्या होत्या. एक पान अडलंय असं त्यांच्या कानावर आलं होतं, म्हणून चष्मा आणि सुई त्या घरूनच घेऊन आल्या होत्या.