पुरावा म्हणून नेलेली इस्त्री

अहो, जपून! गार असले तरी हाताला राख लागेल. मी इस्त्री बोलतेय. पितळेची, कोळशावर तापणारी. माझा जन्म कुठे झाला देव जाणे. कल्याणच्या बाजारात तुळसानं घासाघीस करून मला घेतलं आणि डोंबिवलीत मानपाड्याच्या चाळीत आणलं, तिथपासूनचं सगळं आठवतं.

तुळसा दिवसभर उभी राहून लोकांच्या कपड्यांवर मला फिरवायची. तिचा नवरा भिवा कपडे आणायचा, पोचवायचा आणि मधल्या वेळात बिडी ओढत बसायचा. कुणी पाहुण्यानं विचारलं, "वहिनी काय करतात?" तर म्हणायचा, "काय नाय, घरीच असते." मग आम्ही दोघी काय झोपा काढत होतो? असा राग यायचा मला!

नव्वद साली एका कारखान्यानं कामगारांच्या गणवेशांचं काम देऊ केलं. अट एकच, व्यवसाय कराची नोंदणी हवी. ज्याच्या नावाचा दाखला, त्यालाच काम. "माझं नाव टाकू," भिवा लगेच म्हणाला.

तुळसा मला पुसायला बसली. पुसताना तिचे डोळे भरून आले. "एवढी वर्षं मी उभी राहिले, आणि कागदावर पण मी नाहीच?" हे ती मलाच म्हणाली.

त्यात शेजारणीनं सांगितलं, धंद्याचा पुरावा न्यावा लागतो. झालं! तुळसानं मलाच पिशवीत घातलं. घाईत राख झाडायचीही राहिली. भिवाबरोबर ठाण्याच्या कर कचेरीत जाऊन तिनं मला साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"पुरावा, साहेब."

सगळे हसले. मी पुरावा? मला तर वाटत होतं, मी इस्त्री आहे!

"मालक कोण?"

"मी," भिवा म्हणाला.

"नोकर?"

"कोण नाय."

"मग काम कोण करतं?"

माझं डोकंच चालेना. मालक आहे, नोकर नाही, मग मला रोज फिरवतं कोण, भूत?

"मीच करतो की!" म्हणत भिवानं ऐटीत माझी मूठ धरून मला उचललं. अगं बाई! आधी झाकणाची कडी बघायची असते, हे त्याला कुठून माहीत? झाकण उघडलं आणि सगळी राख टेबलावर, त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

तुळसानं कडी अडकवली, पदरानं टेबल पुसलं. मग सवयीनं म्हणाली, "साहेब, तुमची बाही फार चुरगळलीय. इथं कोळसा मिळंल काय?"

साहेबांनी हसत पेन उचललं. "नाव सांगा, बाई."

"तुळसा."

"आणि धंदा?"

"माझाच, साहेब."

आता घरात विजेची इस्त्री आहे. मी फळीवर असते, माझ्या वर भिंतीला तो दाखला. मला मोडीत घालू नका हो, साहेबांनी परत पुरावा मागितला तर?

काल पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, "वहिनी काय करतात?"

"तिचा धंदा आहे," भिवा म्हणाला. "मी तिच्याकडेच कामाला असतो."