न स्थिरावणारी गोळी

विद्यापीठाच्या गणित विभागात तिला सगळे टिटवी म्हणत. हे नाव तिला शिकवणाऱ्या सरांनी ठेवलं होतं. विद्यार्थिनी असताना ती भर तासाला हात वर करून "पण का?" असं विचारायची. आता ती स्वतः प्राध्यापक होती, कानांपाशी केस पिकले होते, तरी ना ते नाव सुटलं होतं, ना ती सवय.

तिच्या संशोधनाचा विषय दिसायला पोरखेळ होता. एक पाट सतत वर-खाली हलतो आहे आणि त्यावर पोलादी गोळी उडते आहे. गोळी पुढे काय करील? टप, टप, टप असा ठेका धरील, की कायम सैरभैर उडत राहील? सुरुवातीला केसाएवढा फरक पडला तरी ज्यांचं पुढचं सगळं बदलून जातं, अशा हालचालींचं हे गणित. सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगत, "आमची सून गोळी उडवण्यात डॉक्टर झालीय. घरात मात्र साधी किल्ली फेकली तर झेलता येत नाही."

याच गोळीबद्दल सरांनी तरुणपणी एक विधान केलं होतं. गोळी कशीही सोडा, कितीही भरकटू द्या, शेवटी ती ठेक्यावर येतेच. ते सिद्ध करणं कुणालाच जमलं नव्हतं, पण संगणकावर दर वेळी तसंच दिसे. विधान सरांच्या नावानं पुस्तकांत गेलं, आणि आता त्यांच्या सन्मानासाठी विभागानं मोठी परिषद ठरवली होती.

परिषद तोंडावर आली असताना टिटवीनं ते विधान खोटं ठरवलं.

तिनं गोळीच्या सगळ्या संभाव्य सुरुवातींच्या नकाशातला एक छोटा चौकोन निवडला. गोळी उडून पुन्हा पाटावर आदळेपर्यंत तो चौकोन ताणला जात होता, मग वाकून घोड्याच्या नालेसारखा होत होता आणि स्वतःच्याच जागेवर आडवा पडत होता. पुढच्या उडीला पुन्हा तेच. या घड्यांच्या पोटात अशा सुरुवाती असणारच होत्या, ज्यांना ठेका कधीच सापडणार नाही. संगणकाला त्या दिसत नव्हत्या, कारण तो दशांश चिन्हापुढचे आकडे कुठेतरी तोडतो, आणि तेवढ्यानं नेम दुसऱ्याच सुरुवातीवर जातो.

विभागप्रमुखांनी कागद चाळले आणि दार लोटून घेतलं.

"काम झकास आहे," ते म्हणाले. "पण परिषद पार पडू दे. दुधात मिठाचा खडा कशाला?"

"माझं भाषण याच विषयावर आहे," ती म्हणाली. "आणि सरांना हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगणार आहे."

"त्यांना काय वाटेल?"

"मला तरी वाटतं, त्यांना आधी कागद बघायचे असतील."

ती तशीच सरांच्या घरी गेली. दार काकूंनी उघडलं. "ये गं. जाळ्यातल्या कोळ्यासारखे बसलेत आत. बरं झालं, कुणीतरी आलं."

टिटवीनं आडपडदा ठेवला नाही. "सर, तुमचं विधान खोटं आहे."

सरांनी चष्मा पुसला. "बस. दाखव."

ते जेवणाच्या टेबलावर कागद पसरून वाचू लागले. मान हलवत, मागची पानं पुन्हा काढून बघत त्यांनी चहा गार होऊ दिला. एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"इथे. पाटाच्या एकाच हेलकाव्यात गोळी दोनदा आदळली तर? मग तुझी नाल तुटते."

तिनं ते पान स्वतःकडे ओढलं. ते खरंच होतं, तो विचार तिनं केलाच नव्हता. सर तिच्याकडे बघत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण नव्हती. काकूंनी कागदांच्या मधून अलगद कप उचलले.

"दोनदा आदळायला गोळी मंद हवी," टिटवी सावकाश म्हणाली. "मी चौकोनच वर सरकवते, जास्त वेगाकडे. तिथे पाट एक पूर्ण हेलकावा घेऊन येईपर्यंत गोळी खालीच येत नाही."

"बोलणं सोपं आहे. तिथे नाल बसते का?"

"बसेल. पेन्सिल द्या."

तिनं नव्यानं आकडे मांडले. एकदा चुकली, खोडलं, पुन्हा मांडलं. चौकोन जरा अरुंद झाला, पण नाल त्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येऊन नीट आडवी पडली. सरांनी प्रत्येक ओळ तपासली, एक उणे चिन्ह दुरुस्त केलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

काकू दारात उभ्या होत्या. "टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात ते उगीच नाही."

"अगं, समुद्रच उथळ होता," सर म्हणाले आणि मोठ्यानं हसले. मग ते कागद क्रमानं लावू लागले.

"प्रमुख म्हणतात, परिषदेनंतर सांगू या," टिटवीनं सांगितलं.

"त्याला म्हणावं, खोट्या विधानाचा सत्कार घ्यायची मला हौस नाही. तू पहिल्याच सत्रात बोल."

ती पहिल्याच सत्रात बोलली. चौकोन वर का सरकवला हे सांगताना, ती त्रुटी सरांनी दाखवली हेही तिनं सांगितलं. शेवटचं पान पडद्यावर आलं. विभागप्रमुख बुटांकडे बघत होते. पहिल्या रांगेतून सर उठले.

"ज्या विधानासाठी मला इथे बोलावलंत, ते आत्ताच गेलं," ते म्हणाले. "सिद्धता मी तपासली आहे, पळवाट नाही. जेवण मात्र रद्द करू नका."

हशा पिकला आणि मग टाळ्या सुरू झाल्या. त्या सरांसाठी होत्या की टिटवीसाठी, हे कुणी वेगळं करत बसलं नाही. प्रमुखांनीही उठून टाळ्या वाजवल्या.

पुढच्याच आठवड्यात सर जिना चढून तिच्या खोलीत आले. धाप लागली होती, तरी खुर्ची नाकारून ते थेट फळ्यापाशी गेले.

"न स्थिरावणाऱ्या सुरुवाती आहेत, मान्य. पण त्या सगळ्या गोळा केल्या तरी धुळीच्या कणाएवढ्या जागेतही मावतील. डोळे मिटून गोळी सोडली, तर ती ठेक्यावरच येणार. हे माझं नवं विधान. सिद्ध कर, नाहीतर मोड."

"मोडेन," ती म्हणाली. "पाट आणखी जोरात हलवला, तर मला नाही वाटत हे टिकेल."

"किती जोरात?"

तिनं फळ्याचा अर्धा भाग पुसला आणि त्यांच्या हातून खडू घेतला.